पार्श्वभूमी : टेक्ससच्या सरहद्दीवरची घरबसल्या जागल

नोव्हेंबर 2008 पासून टेक्सस आणि मेक्सिकोच्या सरहद्दीवर कुणालाही घरबसल्या जागल करता येऊ लागली. ब्लूसर्व्हो नावाच्या वेबसाइटवर नोंदणी करायची, एक कॅमेरा निवडायचा आणि रिओ ग्रांदे नदीच्या काठावरची झुडपं, पायवाट नाहीतर नुसतं पाणी बघत बसायचं. संशयास्पद काही दिसलं की बटण दाबून चार ओळी लिहायच्या, त्या थेट शेरिफकडे, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलिसप्रमुखाकडे जात. पगार नाही, पण पदवी भारदस्त : 'व्हर्च्युअल टेक्सस डेप्युटी'. लाखाच्या वर लोकांनी नावं नोंदवली, त्यात ऑस्ट्रेलियात बसलेलेही होते.

सरहद्दीवर यंत्रं नवी नव्हती. व्हिएतनाम युद्धात जंगलवाटांवर पेरलेले, पावलांचा हादरा टिपणारे सेन्सर 1970 च्या दशकातच मेक्सिकोच्या सीमेवर आले होते. अडचणही तेव्हापासूनची. जमीन हादरली एवढंच यंत्र सांगतं; माणूस चालला की गाय, हे बघायला कुणीतरी जावंच लागतं. आणि जाणारी माणसं नेहमीच अपुरी.

सामान्य नागरिकांना यात ओढण्याची हवा 2005 मध्ये तयार झाली. त्या एप्रिलमध्ये 'मिनिटमन' म्हणवणारे स्वयंसेवक ॲरिझोनाच्या सीमेवर खुर्च्या टाकून, दुर्बिणी घेऊन बसले. टेक्ससमध्ये सीमेलगतच्या काउंट्यांच्या शेरिफांनी आपली संघटना बांधली. तिकडे शेरिफ निवडून येतो, त्यामुळे त्याला गुन्ह्यांइतकीच मतदारांचीही काळजी असते. टेक्ससचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांनी या संघटनेला हाताशी धरलं आणि जून 2006 मध्ये जाहीर केलं : 50 लाख डॉलर खर्चून सीमेवर कॅमेरे लावू, चित्रण इंटरनेटवर सोडू, जनता पहारा देईल.

तेव्हा त्यांची स्वतःची निवडणूक तोंडावर होती. चाचणीची साइट सुरू झाली तीही नोव्हेंबर 2006 मध्ये, म्हणजे मतदानाच्याच महिन्यात. हा योगायोग होता असं मानायला मन धजत नाही. महिनाभरात साइटला अडीच कोटींहून जास्त हिट मिळाले. हाती लागलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तरी आकडा लक्षात राहिला तो हिटचा.

दोन वर्षांनी शेरिफ संघटनेला 20 लाख डॉलरचं अनुदान मिळालं आणि ब्लूसर्व्हो सुरू झालं. पुढे आणखी 20 लाख आले. कॅमेरे 200 लागायचे होते, लागले त्याच्या कितीतरी कमी. 2010 च्या सुमारास हिशेब निघाला तेव्हा एकूण अटका 26 भरल्या, म्हणजे एका अटकेमागे सुमारे 1,53,800 डॉलर. एल पासोचे राज्य सिनेटर एलियट शॅपली यांच्यासारखे टीकाकार आधीपासूनच याला विरोध करत होते. आणखी एक साधा आक्षेप होता : साइट सगळ्यांना खुली, मग तस्करांना कोण अडवणार? पहारा कुठे आहे हे त्यांनाही घरबसल्या दिसणारच. शिवाय फुकटचे लाख डोळे मिळाले तरी त्यांनी पाठवलेल्या ईमेलचा ढीग उपसायला पगारी माणूसच लागतो.

याच काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारचीही फार बरी गत नव्हती. 2006 मध्ये बोइंगला दिलेल्या 'एसबीआयनेट' प्रकल्पात मनोरे, रडार आणि कॅमेऱ्यांची अदृश्य भिंत उभी राहायची होती. रडार पावसालाही घुसखोर समजायचं. जवळपास 100 कोटी डॉलर खर्चून ॲरिझोनातला जेमतेम 85 किलोमीटरचा पट्टा झाला आणि जानेवारी 2011 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. (आपल्याकडे धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेच्या 61 किलोमीटर नदीपट्ट्यावर मार्च 2019 मध्ये कॅमेरे आणि सेन्सर बसले, पण त्यांचं चित्रण बीएसएफच्या कंट्रोल रूमबाहेर जात नाही.)

टेक्ससने नाद सोडला नाही, फक्त उपकरण बदललं. 2012 मध्ये राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाने 'ऑपरेशन ड्रॉब्रिज' सुरू केलं. हरणांच्या मागावरचे शिकारी झाडाला बांधतात तसे साधे कॅमेरे पायवाटांवर लपवले. समोर काही हललं की फोटो निघतो आणि बॉर्डर पेट्रोल (केंद्राचं सीमा गस्त दल), शेरिफ व राज्य पोलिसांपर्यंत पोहोचतो. अशा कॅमेऱ्यांची संख्या पुढे हजारोंवर गेली. त्यांचे फोटो बघायला मात्र जनतेला बोलावलेलं नाही.