दरवर्षी डोक्यावरचं हाड टाकून देणारा हार्ट

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तांबड्या हरणाच्या नराला वयाप्रमाणे वेगवेगळी नावं होती आणि पाच वर्षं उलटलेल्या, पूर्ण वाढलेल्या नराला म्हणायचे हार्ट. रोजच्या बोलण्यातून हा शब्द आता जवळपास गेलाय, उरलाय तो हार्ट या आडनावात आणि तिकडच्या जुन्या पबच्या पाट्यांवर, कारण राजा दुसरा रिचर्ड याचं चिन्ह पांढरा हार्ट होतं. या प्राण्याला किंमत किती होती बघा, इंग्लंड जिंकून राजा झालेल्या विल्यम द कॉन्कररने 1079 च्या सुमारास न्यू फॉरेस्ट नावाचं अख्खं रान शाही शिकारीसाठी राखून ठेवलं, आणि हार्ट किंवा त्याची मादी मारणाऱ्याचे डोळे काढायचे असा त्याचा हुकूम होता हे अँग्लो-सॅक्सन बखरीत लिहून ठेवलंय.

हा सगळा मान मुख्यतः शिंगांमुळे. दहा फाट्यांची शिंगं असलेला नर म्हणजे शिकाऱ्यांच्या दृष्टीने पूर्ण तयार झालेला. फाटे मोजले की वय कळतं असं अजूनही बरेच जण समजतात, पण ते खरं नाही. चांगलं खायला मिळालं तर तरुण नराला भरपूर फाटे येतात, आणि म्हातारपणी फाटे कमी होत जातात, शिंगं आखूड होतात.

पण माझ्या मते खरी नवलाची गोष्ट शिंगांच्या आकारात नाहीच, ती आहे शिंगं गळून पडण्यात! गायीबैलांची किंवा आपल्या काळवीटाची शिंगं आयुष्यभर टिकतात, आत हाड आणि वर नखासारख्या पदार्थाचं कवच. काळवीट हरणाच्या कुळातला नाहीच, खऱ्या हरणाचं तसं नाही. हार्टचं शिंग म्हणजे सगळंच्या सगळं उघडं हाड, आणि ते मार्च-एप्रिलमध्ये चक्क गळून पडतं. कपाळावर दोन खुंट असतात, तिथे रक्ताळलेली जखम राहते, थोड्या दिवसांत ती भरते आणि लगेच नवं शिंग वर यायला लागतं. सुरुवातीला त्यावर मऊ लव असलेली कातडी असते, तिला मखमल म्हणतात, हात लावला तर गरम लागते कारण आत रक्तवाहिन्या आणि नसांचं जाळं असतं. जोमात असताना शिंग दिवसाला सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही जास्त वाढतं, सस्तन प्राण्यांमध्ये इतक्या वेगाने वाढणारं दुसरं हाड नाही. तीन-चार महिन्यांत काम पूर्ण. ऑगस्टमध्ये हाड कडक होतं, मखमलीचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि नर झाडाझुडपांवर शिंगं घासून ती सोलून काढतो.

हे सगळं वेळेवर कसं होतं? उत्तर आहे दिवसाची लांबी. डोळ्यांवर किती तास उजेड पडला त्यावर मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून येणारं मेलाटोनिन हे संप्रेरक ठरतं, त्यावर पुढे टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक ठरतं. टेस्टोस्टेरॉन वाढलं की शिंग कडक, ते उतरलं की शिंग आणि खुंट यांच्या सांध्यावरचं हाड शरीरातल्याच काही पेशी खाऊन टाकतात आणि शिंग गळतं. रिचर्ड गॉस या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्व आशियातल्या सिका हरणांना बंद जागेत ठेवून कृत्रिम उजेडाचं वर्ष छोटं करून दाखवलं, तर हरणांनी एकाच वर्षात अनेकदा शिंगं बदलली, म्हणजे शरीर कॅलेंडर मोजत नाही, उजेड मोजतं. आपल्याकडच्या चितळाचं म्हणूनच वेगळं आहे. उष्ण कटिबंधात दिवसाची लांबी तिकडच्याइतकी बदलत नाही, त्यामुळे ताडोबात किंवा पेंचमध्ये एकाच दिवशी एक चितळ मखमलीत, दुसरा कडक शिंगांचा आणि तिसरा बोडका दिसू शकतो. (आणि जंगलात पडलेलं शिंग उचलून घरी आणायचं नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.)

हार्टबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं खूप काही एका छोट्या बेटावरून आलंय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचं बेट आहे, तिथल्या किलमोरी भागातली हरणं 1970 च्या दशकापासून एकेक करून ओळखून त्यांचा जन्मापासून मरणापर्यंत हिशोब ठेवला जातोय. टिम क्लटन-ब्रॉक, फिओना गिनेस आणि नंतर जोसेफिन पेंबर्टन, लूस्के क्रूक ही या कामातली मोठी नावं. पिढ्यान् पिढ्या चिखलात, वाऱ्यात, पावसात उभं राहून एवढ्या चिकाटीने नोंदी ठेवणं ही गोष्ट मला विज्ञानात फार मोलाची वाटते, कारण अशी माहिती प्रयोगशाळेत मिळतच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी नर माजावर येतात. मान जाड होते, अंगाला उग्र वास येतो, खाणं जवळपास सुटतं आणि महिनाभरात साधारण पाचवा हिस्सा वजन उतरतं. रममध्ये 1979 साली क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह आल्बन यांनी दाखवलं की बहुतेक भांडणं शिंगांपर्यंत जातच नाहीत, आधी दोघं गर्जना करतात. एकाने केली की दुसरा करतो, वेग वाढत जातो, आणि ज्याला तो वेग झेपत नाही तो मागे हटतो. दमलेल्या नराला गर्जनेचं सोंग आणता येत नाही, म्हणून हा संदेश खरा असतो. पुढे डेव्हिड रेबी आणि कॅरन मॅकोम्ब यांनी आवाजाच्या पोताकडे लक्ष दिलं. गर्जना करताना नर आपलं स्वरयंत्र गळ्यातून खाली, थेट छातीच्या हाडापर्यंत ओढतो, आवाज त्यामुळे आणखी घुमतो आणि शरीर किती मोठं आहे ते त्यातून कळतं. खाली उतरलेलं स्वरयंत्र फक्त माणसाचंच असतं असं तोपर्यंत मानत होते, ते या हरणामुळे मोडीत निघालं.

आता या शिंगांची किंमत. तीन-चार महिन्यांत एवढं हाड बनवायचं तर कॅल्शियम आणि फॉस्फरस खाण्यातून पुरत नाही, त्यामुळे शरीर स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतं, त्या काळात हाडं विरळ होतात आणि शिंगं तयार झाली की पुन्हा भरून निघतात. माणसात अशी झीज सहज भरून येत नाही म्हणून हाडांचे अभ्यासक याकडे फार बारकाईने बघतात. रमची माती निकृष्ट, गवतात खनिजं कमी, मग तिथली हरणं काय करतात तर गळून पडलेली शिंगं चघळतात, आणि बेटावर बिळांत घरटी करणारे मँक्स शिअरवॉटर नावाचे समुद्री पक्षी आहेत त्यांच्या पिल्लांची डोकी, पाय, पंख चावून खातात. गवत खाणारं हरीण हाडासाठी पक्षी खातं! 1988 साली रॉबर्ट फर्नेस यांनी हे लिहून ठेवलंय.

आणि सगळ्यात विलक्षण भाग म्हणजे हे अवयव पूर्ण परत उगवणं. पाल शेपूट उगवते ते आपण ऐकतो, पण सस्तन प्राण्यात एवढा मोठा अवयव हाड, रक्तवाहिन्या, नसा, कातडी सगळ्यासकट दरवर्षी नव्याने येणं हे फक्त हरणांच्या कुळात. गुरुकिल्ली आहे कपाळाच्या त्या जागेवरच्या हाडाचं पातळ आवरण, पेरिऑस्टियम. 1974 मध्ये जर्मनीत ते आवरण रो नावाच्या छोट्या युरोपीय हरणाच्या पुढच्या पायात बसवलं तर पायावर शिंग उगवलं. स्कॉटलंडमध्ये काही नरांना जन्मभर शिंगं येतच नाहीत, त्यांना हमल म्हणतात. 1976 मध्ये लिंकन आणि फ्लेचर या संशोधकांनी अशाच एका हमलच्या अर्धवट खुंटाचं टोक कापलं आणि तिथून शिंग वाढायला लागलं, म्हणजे ताकद आत होतीच, जखमेने ती जागी झाली.

2023 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी सिका हरणाच्या शिंगातल्या पेशी एकेक तपासून, शिंग गळल्यावर नव्याने वाढ सुरू करणारा पेशींचा एक खास गट शोधला. त्या पेशी उंदरांच्या डोक्यात कातडीखाली घातल्या तर दीडेक महिन्यात तिथे हाड-कूर्चेचा शिंगासारखा उंचवटा तयार झाला. त्याआधी 2019 मध्ये चीनमधल्याच संशोधकांनी दाखवलं होतं की शिंगातली वाढ वेगाने होते ती कॅन्सरमध्ये ज्या जीन्सचा हात असतो तशाच काही जीन्सच्या जोरावर, पण हरणात गाठी रोखणारे जीन्सही तितकेच जागरूक असतात, त्यामुळे एवढा वेग असून वाढ ताबा सोडत नाही. तुटलेलं हाड किंवा झिजलेली कूर्चा माणसात पुन्हा कशी वाढवायची यावर काम करणारे लोक आता या पेशींच्या मागे आहेत.