मुक्या माराचं मोजमाप

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर कबड्डीचा सराव चाललेला असतो. चढाईला गेलेल्या पोराचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटतं. रक्त नाही, टेंगूळही नाही. कुणीतरी डोक्यावर पाणी ओततं, "काही नाही होत बे, उठ!" आणि पोरगं पुन्हा चढाईला जातं. अशा दुखापतीला आपण मुका मार म्हणतो. हा मार बोलका कसा करायचा, याच्यामागे माणसं शंभरेक वर्षं लागली आहेत.

1928 साली अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांबद्दल लिहिलं: वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेली माणसं न पिताही झिंगल्यासारखी चालतात. का, याचा मोठा धागा 1943 मध्ये ऑक्सफर्डच्या होलबोर्न यांनी दिला. जिलेटिनचा मेंदू करून त्यांनी दाखवलं, की सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरलं की आत जास्त पीळ बसतो. कवटी शाबूत राहते, साधा सीटी स्कॅनही बहुतेकदा स्वच्छ येतो. मला हे संशोधन सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण पुढचे सेन्सर हाच झटका आणि हीच फिरकी मोजतात.

2003 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या हेल्मेटांत सहा-सहा सेन्सर बसले. पण हेल्मेट डोक्यावर सरकतं, आकडा चुकतो. म्हणून सेन्सर दातांवरच्या माउथगार्डमध्ये गेला. वरचे दात कवटीला पक्के असतात. 2024 पासून वरच्या पातळीवरच्या रग्बीत मोठा झटका बसला, की मैदानाकाठच्या डॉक्टरला तिथल्या तिथे इशारा मिळतो. इशारा म्हणजे निदान नव्हे. तेवढ्याच झटक्याने एकाला भोवळ येते, दुसऱ्याला काहीच होत नाही.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू उतरवायचा नियम 1 ऑगस्ट 2019 पासून आला. 31 जानेवारी 2025 ला पुण्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि हर्षित राणा बदली उतरला. सहा दिवसांनी तोच राणा आपल्या जामठ्याच्या स्टेडियमवर आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. तोवर सगळा वाद 'फलंदाजाच्या जागी गोलंदाज कसा?' यावरच, दुबेच्या डोक्याची चौकशी फार थोड्यांनी केली, याचं मला वाईट वाटतं.

कबड्डीत तर हेल्मेटच नाही. पण 1995 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅडॉक्स यांनी डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंवर तपासून पाहिलेले साधे प्रश्न रेशीमबागेतही चालतात. उत्तर चुकलं की पोराला बाहेर बसवायचं. उत्तरं बरोबर आली, पण डोकं दुखतंय किंवा मळमळतंय, तरीही बाहेरच. विचारायचं एवढंच: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना आपण जिंकलो का?