एकादशीला वाचलेलं पीठ

आमच्या आजीचा एक पत्र्याचा डबा होता, सांगलीच्या जुन्या घरात, जात्याच्या शेजारी ठेवलेला. एकादशीला ती काही खायची नाही पण आमच्यासाठी भाकरी थापायला बसली की आधी आपल्या वाटणीच्या दोन भाकरींचं पीठ त्या डब्यात टाकायची, आणि द्वादशीला सकाळी त्यात अजून दोन ओंजळी पीठ, वर डाळ, गूळ, मीठ-मिरचीची पुरचुंडी असा शिधा कुणाच्या तरी घरी पोचवायची, मगच उपास सोडायची. म्हणायची, मी उपाशी राहिले त्यात देवाला काय मिळालं, ते पीठ कुणाच्या तरी पोटात जायला पाहिजे ना.

ही रीत तिनं काढलेली नव्हती. भागवतात अंबरीष राजाची गोष्ट आहे, एकादशीचं व्रत, द्वादशीला आधी दान, लोकांना जेवण आणि मग पारणं. दुर्वास पाहुणे म्हणून आले, नदीवर गेले ते लवकर येईनात, पारण्याची वेळ टळायला आली तरी राजा नुसत्या पाण्याच्या घोटावर थांबला, पाहुण्याआधी घास घेतला नाही. म्हणजे एकादशी आपली आणि द्वादशी दुसऱ्याची.

आमच्या भागात जैन शेतकरी समाज मोठा, त्यांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं ते अनंत चतुर्दशीपर्यंत. दहा दिवस दहा धर्म, त्यातला सातवा तप आणि आठवा त्याग, आणि त्याग म्हणजे दान: आहार, औषध, ज्ञान, अभय. आता तिथ्या मोजा, सातवा दिवस येतो एकादशीला, आठवा द्वादशीला! मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण शेजारच्या काकूंचा पाण्यावरचा उपास आणि आजीचा डबा एकाच हिशोबाचे निघाले.

मिरजेत रमजानमधेही तेच दिसतं. रोजे फर्ज, म्हणजे सक्तीचे, झाले हिजरी सन २ मधे, म्हणजे इ.स. ६२४ च्या सुमाराला. घरातल्या प्रत्येक माणसामागं ठरलेल्या मापाचं धान्य किंवा त्याची किंमत, हा फितरा ईदच्या नमाजाआधी गरिबाकडं पोचला पाहिजे. आणि म्हातारपणामुळं किंवा कायमच्या आजारामुळं ज्याला रोजा झेपतच नाही त्यानं एका रोज्यामागं एका गरिबाला जेवण द्यायचं, त्याला फिदया म्हणतात.

साताऱ्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी यातनं केवढं मोठं काम उभं केलं. जन्म १८८७ चा, कुंभोजच्या जैन घरातला. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला ती साताऱ्याला आणली, आणि बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घालायला मुष्टिफंड, म्हणजे घराघरातनं मूठमूठ धान्य. ते कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिलं. मुष्टिफंड उपासाचा नव्हता हे खरं, पण मला तो आजीचाच डबा वाटतो, फक्त गावागावाएवढा मोठा. १९६५ ला धान्याची टंचाई होती तेव्हा शास्त्रीजींनी सोमवारचं एक वेळचं जेवण सोडा म्हटलं आणि लोकांनी सोडलं, ते पण याच सवयीवर.

उपासाला साबुदाणा खूप नंतरचा. ज्या कंदाचा तो बनतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतर इकडं आलेलं, आणि तमिळनाडूत सेलमकडचे साबुदाण्याचे कारखाने तर १९४० नंतरचे. आता उपासाचा दिवस रोजच्यापेक्षा महाग पडतो, एकादशी अन् दुप्पट खाशी, मग वाचणार काय आणि द्यायचं काय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डबा अजून घरात आहे, तळाला गंज धरलाय. गेल्या कार्तिकीपासनं खिचडीच्या सामानाचे पैसे त्यात टाकतो आणि द्वादशीला त्याची ज्वारी घेऊन जवळच्या वसतिगृहात देऊन येतो.