जागा न सोडणाऱ्या फायली : डीफ्रॅगमेंटेशनची पार्श्वभूमी

विंडोज एक्सपीच्या काळात तासन् तास चाललेले डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे जोडून त्या सलग करण्याचे काम, एकदाचे संपले की कित्येकदा पडद्यावर सूचना येई : या ड्राइव्हवरील काही फायली सलग करता आल्या नाहीत, त्यांची यादी अहवालात पाहावी. अहवाल उघडला की काही नावे आणि त्यांच्यासमोर तुकड्यांची संख्या दिसे. सगळी प्रक्रिया पुन्हा केली तरी ती संख्या बहुधा जैसे थे राही. अशा फायलींना वापरणारे ‘हट्टी’ म्हणत आले आहेत. वास्तविक हट्ट फाइलचा नसतो. ती आहे तिथेच राहावी, यावर दुसऱ्या कोणाचे तरी काम अडलेले असते. हा ‘दुसरा कोणी’ दर पिढीत बदलत गेला आणि या विषयाचा इतिहास बराचसा त्याचाच आहे.

फायलींचे तुकडे होतात ते जागावाटपाच्या पद्धतीमुळे. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये बेसिक या प्रोग्रामिंग भाषेच्या डिस्क आवृत्तीसाठी बनवलेल्या आणि पुढे एमएस-डॉसमध्ये रुजलेल्या ‘फॅट’ या रचनेत डिस्कची जागा ठरावीक आकाराच्या क्लस्टरमध्ये विभागलेली असते आणि एका तक्त्यात प्रत्येक क्लस्टरपुढे ‘यानंतरचा भाग अमुक ठिकाणी’ एवढीच नोंद असते. मधली एखादी फाइल पुसली की भोक पडते. पुढची मोठी फाइल आधी ते भोक भरते आणि उरलेला मजकूर जिथे मोकळी जागा सापडेल तिथे ठेवते. साखळी शाबूत असल्याने मजकूर हरवत नाही, पण वेळ जातो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग हेडखाली (मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक थांबावे लागते. हेड सरकायला साधारण ९ मिलिसेकंद धरले, तर प्रत्येक उडीमागे १३ मिलिसेकंद खर्ची पडतात. एखाद्या फाइलचे हजार तुकडे झाले असतील, तर नुसत्या उड्यांतच १३ सेकंद गेले.

ही झीज केवळ घरगुती संगणकांचीच होती असे नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅककुसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी युनिक्स या संगणकप्रणालीसाठी केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फाइल सिस्टिमविषयीच्या लेखात एक बोलका आकडा आहे : जुन्या रचनेत नवी कोरी डिस्क सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत मजकूर देई, तर काही आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर हाच वेग ३० किलोबाइटवर येई, कारण मोकळ्या जागांची यादी विस्कटून गेलेली असे. त्यांनी उपाय शोधला तो तुकडे पडूच नयेत अशा दिशेने. डिस्कचे गट पाडायचे, एका फाइलचे भाग शक्यतो एकाच गटात ठेवायचे आणि सुमारे १० टक्के जागा कायम मोकळी राखायची. युनिक्सच्या वारसदारांमध्ये डीफ्रॅगमेंटेशनची फारशी चर्चा का होत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

तुकडे पडल्यावर ते जोडणारे प्रोग्राम मात्र दुसऱ्या परंपरेत वाढले. डीईसी कंपनीच्या संगणकांवरील व्हीएमएस प्रणालीवर सगळी डिस्क टेपवर उतरवायची, डिस्क पुसायची आणि पुन्हा भरायची, हा रूढ मार्ग होता. १९८६ मधील ‘डिस्ककीपर’ने तो टाळण्याची सोय केली. एमएस-डॉस ६ बरोबर १९९३ मध्ये आलेला ‘डीफ्रॅग’ सिमँटेककडून परवान्यावर घेतलेला होता. त्याच्या पडद्यावर चौकटींच्या नकाशात काही ठिकाणी फुलीसारखे चिन्ह दिसे, म्हणजे ‘हा भाग हलवता येणार नाही’. यात संगणक सुरू होताना लागणाऱ्या, डिस्कच्या आरंभी ठरल्या जागीच असाव्या लागणाऱ्या फायली होत्या. शिवाय नक्कलप्रतिबंधासाठी काही सॉफ्टवेअर डिस्कवर विशिष्ट ठिकाणी लपलेली फाइल ठेवून तिची जागा तपासत असत. ती हलली की विकत घेतलेला प्रोग्रामच मालकाला ओळखेनासा होई. म्हणून लपलेल्या आणि सिस्टिमच्या फायलींना हात न लावणे शहाणपणाचे ठरले. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अडचण वेगळी होती : पडद्याआड चालू असलेला कोणता तरी प्रोग्राम डिस्कवर काही लिही आणि डीफ्रॅगमेंटेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. रंगीत चौकोन सरकताना पाहत बसण्याची अनेकांना लागलेली सवय तेव्हाचीच. त्यातून वेग किती वाढे यापेक्षा समाधानच जास्त मिळे, असे माझे मत आहे.

खरा पेच विंडोज एनटीच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये उभा राहिला, कारण तेथे प्रणाली चालू असताना कित्येक फायली सदैव उघड्या असतात. एनटी ३.५१ साठी डिस्ककीपरला कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, बदललेली आवृत्तीच बरोबर द्यावी लागली. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने फाइलचे क्लस्टर हलवण्याची अधिकृत सोय दिली. हलवण्याचे काम फाइल सिस्टिम स्वतःच करत असल्याने उघडी फाइलही सुरक्षितपणे सरकवता येऊ लागली. तरीही पेज फाइल (मेमरी अपुरी पडली की तिच्यातला मजकूर ठेवण्याची डिस्कवरील फाइल) आणि सर्व फायलींची नोंदवही असलेले मास्टर फाइल टेबल या सोयीबाहेर राहिले. या टेबलाचा बराचसा भाग हलवता येऊ लागला तो २००१ च्या एक्सपीपासून. पेज फाइल आणि रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजची सेटिंग साठवणाऱ्या, फायलींसाठी मार्क रुसिनोविच यांनी ‘पेजडीफ्रॅग’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. संगणक सुरू होताना, कर्नलने त्या फायली ताब्यात घेण्याआधीच, तो आपले काम उरकून घेई. ज्यांच्याकडे तो नसे ते पेज फाइल तात्पुरती बंद करून संगणक पुन्हा सुरू करत, डीफ्रॅगमेंटेशन आटोपत आणि मग ठरावीक आकाराची नवी पेज फाइल बनवत. हायबरनेशनच्या (संगणक बंद करताना मेमरीतला मजकूर साठवून ठेवणाऱ्या) फाइलवरही तोच इलाज चाले. उरलेल्या हट्टी फायलींचे कारण अनेकदा अगदी साधे असे : तेवढी मोठी सलग जागाच शिल्लक नसे. एक्सपीचा प्रोग्राम १५ टक्के जागा मोकळी असण्याची मागणी करी, ती उगाच नव्हे.

पुढे अपेक्षाच बदलली. मॅक ओएस एक्सच्या २००३ मधील १०.३ आवृत्तीत २० मेगाबाइटहून लहान आणि आठपेक्षा जास्त तुकड्यांची फाइल उघडताच आपोआप सलग केली जाई. विंडोज व्हिस्टाने रंगीत नकाशा काढून टाकला, काम साप्ताहिक वेळापत्रकावर सोपवले आणि ६४ मेगाबाइट किंवा त्याहून मोठे तुकडे मोजणेच थांबवले, कारण एवढ्या लांबीच्या वाचनापुढे एका उडीचा वेळ नगण्य ठरतो.

फिरत्या डिस्कऐवजी चिपवर मजकूर साठवणाऱ्या एसएसडीत सरकणारे हेडच नाही आणि मजकूर प्रत्यक्ष कुठे ठेवायचा हे तिचा कंट्रोलर, म्हणजे तिच्यातली नियंत्रक चिप, ठरवतो. उलट फायली विनाकारण हलवल्याने लिहिण्याची मर्यादित क्षमता खर्च होते. त्यामुळे विंडोज ८ मध्ये या साधनाचे नाव ‘ऑप्टिमाइझ’ झाले आणि एसएसडीसाठी मोकळ्या जागेची माहिती कंट्रोलरला कळवणे हे त्याचे मुख्य काम बनले. मात्र तुकड्यांचा हिशेब एनटीएफएसला आजही ठेवावा लागतो. प्रत्येक फाइलसाठी सहसा १ किलोबाइटची नोंद असते, ती भरली की आणखी नोंदी जोडाव्या लागतात, आणि या जोडण्यालाही सीमा आहे. डेटाबेसच्या प्रचंड फायली कधी कधी त्या सीमेला पोचतात आणि डिस्कवर भरपूर जागा असूनही वाढायचे नाकारतात. अशा ड्राइव्हसाठी फॉरमॅट करतानाच ४ किलोबाइटच्या मोठ्या नोंदी निवडण्याचा पर्याय नंतरच्या आवृत्त्यांत देण्यात आला.