पार्श्वभूमी : दगडाच्या चकत्यांचे दिवे

सोलापुरात दगड म्हटला की काळा पाषाण. भुईकोटाचे बुरूज त्याचेच, घरातले पाटे-वरवंटेही त्याचेच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. दिव्यासाठी कोणी त्याच्याकडे बघायचं नाही. तरी 0.03 मिलिमीटरपर्यंत घासला की त्यातूनही उजेड जातो. भूशास्त्राचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली तोच पापुद्रा पाहतात. पण काचेला चिकटवल्याशिवाय तो टिकत नाही.

शोभेचा माल आहे तो याच दगडाच्या पोटात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसून अकीक (अ‍ॅगेट) हा पट्टेदार दगड तयार झाला. बाहेरचा बेसाल्ट कुजून माती होतो, अकीक मात्र तसाच राहतो.

त्याचा व्यापार फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून गुजरातच्या भडोच बंदराला गाड्यांतून जाणाऱ्या पट्टेदार दगडाची नोंद आहे, तर तगरहून, म्हणजे बार्शीपलीकडच्या तेरहून, कापड जाई. (आपल्या भागाची ओळख तेव्हाही कापडच!)

पण तेव्हा अकीकाचे मणी घडत, खडे घडत. दिव्याच्या चकत्या नव्हत्या. त्याची कठीणता दहापैकी (मोहस मापावर) सातच्या आसपास, लोखंडी करवत त्यावर चालतच नाही. गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर आजही जमिनीत रोवलेल्या अणकुचीदार सळईवर अकीक टेकवून शिंगाच्या हातोडीने कपच्या उडवतात. दिव्यासाठी जुन्या लोकांनी मऊ दगड धरला. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या थडग्यात कॅल्साइटचा दिवा मिळाला. कठीणता तीन, सुरीनेही ओरखडा उठतो. त्याच्या दुहेरी भिंतीआडचं राजाराणीचं चित्र वात पेटवल्यावरच दिसतं. माझ्या मते दगडी दिव्याची कल्पना तिथेच कळसाला पोचली.

विसाव्या शतकात कडेला हिऱ्याची कणी बसवलेलं ब्लेड रुळलं आणि अकीकाच्या काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या सहज निघू लागल्या. ब्लेडवर पाण्याची धार हवीच: ब्लेड थंड राहतं आणि सिलिकाची धूळ छातीत फारशी जात नाही. कोरड्या घासकामाने खंबायतच्या कित्येक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार जडला.

पुढे एलईडी आला. कमी तापणारा दिवा चकतीला अगदी लागून बसवता येऊ लागला. बाजारातल्या भडक निळ्या-गुलाबी चकत्या मात्र बहुतेक रंगवलेल्या; रंग सच्छिद्र थरांत मुरतो, घट्ट थर कोरे राहतात, म्हणून पट्टे एवढे उठून दिसतात.