‘भाऊ, टोन द्या’: फॅक्सच्या बटणांमागचा इतिहास

जळगाव-भुसावळकडच्या एसटीडी बूथवरून ज्यांनी कधी फॅक्स पाठवला, त्यांच्या कानात हे वाक्य अजून असेल: ‘‘भाऊ, फॅक्स टोन द्या.’’ पलीकडच्यानं स्टार्ट दाबलं की पीऽऽ असा सूर यायचा, मग खरखर, आणि मग कागद आत सरकायचा. तो सूर २१०० हर्ट्झचा. ‘मी माणूस नाही, मशीन आहे,’ एवढंच तो सांगायचा. फोन आणि फॅक्सला एकच लाइन, त्यामुळे मशीन ‘मॅन्युअल’वर असायचं. ‘ऑटो’वर टाकलं तर बायकोचा फोन आला तरी तिला पीऽऽ ऐकावं लागे.

फॅक्स टेलिफोनपेक्षा थोरला आहे. टेलिफोनचं पेटंट १८७६चं. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेनचं फॅक्सचं पेटंट १८४३चं. बेन घड्याळजी होता. दोन टोकांचे लंबक एका ठेक्यात हलले तर इकडची रेघ तिकडे उमटेल, ही त्याची कल्पना. १८६५मध्ये इटलीच्या जिओवानी कासेली या संशोधकाच्या यंत्रानं पॅरिस-लियाँ सेवा सुरूही झाली. पण घराघरात जायला एकमेकांशी बोलणारी मशिनं हवीत, आणि ते जमायला आणखी शंभर वर्षं गेली. १९६८च्या ‘ग्रुप १’ मानकाला एका पानाला सहा मिनिटं लागत, १९७६च्या ‘ग्रुप २’ला तीन. १९८०च्या ‘ग्रुप ३’नं पान मिनिटाच्या आत आणलं. आपल्या बूथवरची मशिनं याच ग्रुप ३ची.

‘स्टँडर्ड’ आणि ‘फाइन’ ही बटणंही तिथलीच. स्टँडर्डमध्ये उभ्या एका मिलिमीटरमध्ये ३.८५ ओळी वाचल्या जातात, फाइनमध्ये दुप्पट. इंग्रजी टाइप केलेलं पत्र स्टँडर्डवर खुशाल जायचं. मराठीचं तसं नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी. रफार, वेलांटीचं टोक, दशांशाचा ठिपका, सगळं धोक्यात. सावद्याहून दिल्लीला गेलेल्या केळीच्या मालाची हातानं लिहिलेली बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याची मालाची पावती, ‘फाइन’वर टाकली नाही, तर आकडा विचारायला परत फोन ठरलेला. फॅक्सच्या भरभराटीत जपानी कंपन्या पुढे होत्या, त्यामागे त्यांची लिपी हेही एक कारण. टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाइप केलेला मजकूर धाडणारं यंत्र, फक्त अक्षरं पाठवायचा. फॅक्स चित्र पाठवतो, मग त्यात जपानी कांजी अक्षरं असोत की आपली मोडी.

फाइनला वेळ जास्त, आणि वेळ म्हणजे मीटर. म्हणून रात्री एसटीडीचा दर उतरला की मशिनानं आपोआप पाठवावं, अशी वेळ लावायची सोयही त्यात होती.

‘पल्स/टोन’चा छोटा खटका हा जुन्या एक्स्चेंजचा वारसा. तिथली यंत्रं विजेचे तुटणारे ठोके मोजून नंबर ओळखत. अशा एक्स्चेंजवर मशीन ‘टोन’वर ठेवलं की नंबर फिरवूनही डायल टोन तसाच वाजत राहायचा, आणि लोक मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला बोलवायचे.

पावसाळ्यात लाइन खरखरायची. तेव्हा ‘ईसीएम’, म्हणजे चुकलेला तुकडा परत मागवण्याची सोय, चालू असेल तर पान बरोबर जायचं पण रखडायचं. बंद ठेवलं तर मधल्या दोन ओळी गायब. माझं मत विचाराल तर वेग सेकंदाला ९६०० बिटांवरून ४८०० वर आणणं हा खरा उपाय होता, पण त्यासाठी मेनूत शिरावं लागे, आणि मेनूची भीती सगळ्यांनाच.

खानदेशच्या उन्हाला मात्र कुठलंच सेटिंग नव्हतं. रोलचा कागद थर्मल. उष्णतेनंच अक्षर उमटायचं. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत राहिलेला फॅक्स संध्याकाळी काढला की करडा पडलेला. आणि फाइलीत जपलेला काही वर्षांत कोरा. म्हणून बूथवाला फॅक्स हातात देतानाच विचारायचा, ‘‘याची झेरॉक्स काढू ना?’’