शुगरची नवी गोळी म्हणजे उगाच खर्च? नाही हो!

आमच्या फोंड्यात अजून ऐकू येतं की शुगरच्या नव्या गोळ्या म्हणजे पैशांची नासाडी, काम तर जुन्या मेटफॉर्मिनचंच. हे चुकीचं आहे. यातलीच एक नवी गोळी, एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकते हे खरं, पण 2015 च्या मोठ्या अभ्यासात आधीच हार्टचा त्रास असलेल्या टाइप 2 पेशंटमध्ये साधारण 3 वर्षांत हार्टमुळे होणारे मृत्यू 100 मागे जवळपास 6 वरून 4 च्या खाली आले, हे केवढं मोठं आहे! आणि किंमत? मार्च 2025 मध्ये पेटंट संपलं, 60 रुपयांच्या आसपासची गोळी जेनेरिकमध्ये खूपच स्वस्त झाली, बाबांची स्ट्रिप मीच आणते फार्मसीतून, बिलात फरक दिसतो. हार्ट-किडनी ठणठणीत असेल तर फायदा तेवढा नाही. चतुर्थीला कडक उपवास धरणार असाल तर मात्र डॉक्टरांना आधी विचारा, रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढू शकतात.